दुसऱ्या मारुतीचं पान

ही गोष्ट मी बायकोला सांगितलेली नाही. आईला तर नाहीच नाही. वडील गेले, त्यांना सांगायची राहिली — राहिली कसली, मी राहू दिली. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. उद्या कराडच्या स्टँडवर आपण शेजारी शेजारी उभे राहून चहा प्यालो तरी तुम्हाला कळायचं नाही की हाच तो. एवढी सोय बघितली तेव्हा कुठे माझं तोंड उघडलं. म्हणजे माझा भित्रेपणा अजून गेलेला नाही, हे आधीच ध्यानात घ्या.

माझे आजोबा फौजेत होते. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. आमच्या उंब्रजच्या भागात फौजेत असणं ही काही फार मोठी गोष्ट नाही. घरटी एखादा तरी माणूस पलटणीत जातो, आणि पेन्शन घेऊन परत आला की गाव त्याला 'मेजर' म्हणतं. आबा नाईक म्हणून निवृत्त झाले, पण डेअरीवाल्यापासून सरपंचापर्यंत सगळ्यांचे ते मेजरच होते. पासष्ट सालची लढाई त्यांनी बघितलेली. त्याबद्दल ते घरात चकार शब्द काढत नसत.

त्यांच्या वाटणीचं मी बोलायचो. मी हायस्कुलात इतिहास शिकवतो, आणि दर सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं की माझं भाषण ठरलेलं असायचं. आबा स्टेजवर खुर्चीत बसलेले, मांडीवर शाल, आणि मी माइकसमोर — 'गोळ्यांच्या वर्षावात छातीचा कोट करून' वगैरे वगैरे. कुठल्या गोळ्या? कसला वर्षाव? मला काय ठाऊक? पोरं टाळ्या वाजवायची, हेडमास्तर डोळे पुसायचे, आणि आबा मान खाली घालून शालीचे दोरे उपसत बसायचे. लोक म्हणायचे, काय नम्र माणूस आहे बघा. मीही तसंच म्हणायचो. एकदा घरी येताना आबा एवढंच म्हणाले, "पुढच्या वरसाला माजं नाव घिऊ नगंस." मी हसून सोडून दिलं. पुढच्या वर्षी भाषण आणखी दोन मिनिटांनी वाढवलं.

मग एका हिवाळ्यात त्यांच्या अंगावरून वारं गेलं. डावी बाजू गेली. बोलणं जड झालं, पण कळायचं. मी तेव्हा सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा असेन. उन्हाळ्याच्या सुट्टीत दुपारी त्यांच्याजवळ सोप्यात बसायचं काम माझ्याकडे होतं. अशाच एका दुपारी, आई आत भांडी घासत असताना, त्यांनी मला ते सांगितलं. सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस वर्षं त्यांनी ते पोटात ठेवलं होतं. मी जे पोटात ठेवलंय त्याला त्या मानाने थोडीच वर्षं झाली आहेत.

फौजेत एका नावाचे दोघे असले की घोळ होतो. मग काय करतात, तर प्रत्येकाच्या नंबरातले शेवटचे दोन आकडे नावाला जोडतात. आबांच्या तुकडीत दोन मारुती होते. आडनावही एकच. एक आमचे आबा, उंब्रजकडचे, आणि दुसरा तिकडचा, दुष्काळी पट्ट्यातला, आटपाडीच्या अलीकडच्या एका वाडीचा. त्याच्या घरी मेंढरं. तो बावीस, आबा एकाहत्तर. कुणी मारुती म्हणत नसे. बावीस आणि एकाहत्तर हीच दोघांची नावं होऊन गेली होती. एका ताटात जेवायचे, म्हणाले आबा.

"त्या दिवशी दुपारच्याला," आबा सांगत होते, "आमी मोर्च्यात व्हतो. गोळा पडत व्हता. हवालदारानं हाक मारली, मारुती, मागनं पेटी आण. नंबर न्हाई घेतला त्यानं. घाईत व्हता. पन पाळी माजी व्हती. समद्यास्नी ठावं व्हतं."

पेटी म्हणजे गोळ्यांची पेटी. मोर्चा म्हणजे ते जमिनीत खणून बसतात तो खड्डा. हवालदाराने नुसतं 'मारुती' म्हटलं, आणि आबा खाली वाकले. बुटाची नाडी बांधायला लागले.

"नाडी बांदल्यालीच व्हती," आबा म्हणाले.

बावीसने त्यांच्याकडे बघितलं आणि तो हसला. म्हणाला, बस गड्या, नाव माझंबी हायच की. आणि वर चढून गेला. वीस-पंचवीस पावलं गेला असेल. मग गोळा पडला. तो लगेच मेला असता तर — पण तो लगेच मेला नाही. पोटाला लागलं होतं. तो तिथं पडून हाका मारत होता. आणि त्याने काय हाक मारली, सांगू? त्याने मारुती म्हणून हाक मारली नाही. एकाहत्तर म्हणून मारली. नंबर घेऊन. कुणाचा घोळ होऊ नये म्हणून.

दिवस मावळेपर्यंत हाका येत होत्या. आबा बाहेर पडले नाहीत. अशा माऱ्यात बाहेर पडायचा हुकूम नसतो, हे खरं. पण हे त्यांनी सांगितलं नाही, मी पुढे कुठेतरी वाचलं. त्यांनी फक्त सांगितलं की मी गेलो न्हाई. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याला आणला, तेव्हा तो कधीचाच गार झाला होता.

बावीसचं लग्न झालेलं होतं. बायको अठरा-एकोणीस वर्षांची, मूलबाळ नव्हतं. नाव अनसूया, तिकडे अनसाबाई म्हणत. आबा पुढची सगळी वर्षं दर रजेला तिला सांगायला म्हणून निघायचे. विट्यापर्यंत जायचे. विट्याच्या स्टँडवर बसायचे आणि परतीची गाडी धरायचे. घरी काय सांगायचे कोण जाणे. पेन्शनीवर आल्यावर तेही बंद झालं. आता पाय चालत नव्हते, आणि आता त्यांना जायचं होतं. माणूस असाच असतो का? का फक्त आमच्या घरातला?

"तू शिकल्याला हायस," ते म्हणाले. "तुला बोलाय येतं. तू जा. तिला म्हनावं, पाळी एकाहत्तरची व्हती. बास, एवढंच. आनि ती काय म्हनती त्ये मला यून सांग. शिव्या दिल्या तर शिव्या सांग. गाळू नगंस काय."

मी हो म्हटलं. त्यांनी चांगल्या हाताने माझं मनगट धरलं, आणि ते इतकं घट्ट धरलं की वळ उठला. त्यांना मरायच्या आधी तिच्या तोंडचा शब्द ऐकायचा होता. बरा असो, वाईट असो. यापलीकडे त्या माणसाला आयुष्याकडून काहीही नको होतं, आणि ते आणून द्यायचं काम एकट्या माझ्यावर होतं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मी मोटारसायकल काढली. कराड, विटा, पुढे माळ. विट्याला मी थांबलो नाही. त्याचा मला अभिमानसुद्धा वाटला होता, खोटं कशाला बोलू? आबा जिथून परत फिरले तिथून मी पुढे आलो, असं काहीतरी मनात चाललं होतं. सव्वीस जानेवारीचं भाषण मनातल्या मनात तयार होत होतं की काय, देव जाणे.

घर सापडायला वेळ लागला नाही. दोन खोल्या, पुढे शेळ्या बांधलेल्या, शेजारी तिच्या पुतण्याची डाळिंबाची बाग. ती दारात बसून सुपात हुलगे निवडत होती. पासष्टीची, काटक, कपाळ मोकळं. मी सांगितलं, उंब्रजकडून आलोय, अमक्याचा नातू. आबांचं नाव घेतलं, आडनावासकट. ते तिच्या नवऱ्याचंही नाव होतं. तिचा हात सुपात थांबला.

"एकाहत्तर?" ती म्हणाली.

तिला नंबर ठाऊक होता! बावीस पत्रातून लिहायचा म्हणे — इथं अजून एक मारुती हाय, एकाहत्तर, मला लय जीव लावतोय, रजेला आलो की घेऊन येतो. तिने ती पत्रं दुसऱ्याकडून वाचून घेतलेली, आणि पाठ केलेली. ती उठली, माझ्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले आणि आपल्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. म्हणाली, "माज्या मारुतीचा न्हाई, पन दुसऱ्या मारुतीचा तर नातू दारात आला." मग तिने मला घोंगडं अंथरून बसवलं, शेळीच्या दुधाचा चहा केला, आणि समोर बसून विचारलं.

"गेल्याची तार आली रं. मागनं त्यांची ट्रंक आली. पन कसं गेलं, कोन जवळ व्हतं, ह्ये सांगाया आजपातुर कुनी आलं न्हाई. मी वाट बघितली. म्हनलं, त्यो एकाहत्तर तरी यील. तुज्या आजानं तुला कायतरी सांगितलं असंल की?"

पाळी एकाहत्तरची होती. तीन शब्द. पाठ करून आलो होतो. ते जिभेवर होते, हे मी शपथेवर सांगतो — माझ्या शपथेला काय किंमत आहे ते तुम्हीच ठरवा. मी तोंड उघडलं आणि त्यातून माइकवरचा मी बाहेर आलो.

मी म्हणालो, आबा त्यांच्या जवळच होते. गोळा पडल्याबरोबर धावत गेले. डोकं मांडीवर घेतलं. पाणी पाजलं. फार त्रास झाला नाही, आजी. आबांच्या मांडीवरच गेले. तुमचं नाव घेतलं.

हे सगळं मी एका दमात, न अडखळता बोललो. पदर तोंडात कोंबून ती रडली. ते रडणं असं होतं की त्यात मोकळं झाल्याचा सुस्कारा होता, आणि तो ऐकून मला बरं वाटलं. होय, बरं वाटलं. पुण्याचं काम केल्यासारखं वाटलं. तिने डोळे पुसले, आत गेली, बाहेर आली ती धुतलेलं लुगडं काखेत घेऊन. म्हणाली, "चल. मला घिऊन चल. त्या मानसाच्या पाया पडते. पुतन्या सोडंल मला आनून."

आता मला सांगा, काय करायचं? ती आबांच्या खाटेशी आली असती. मांडीवर डोकं घेतल्याबद्दल पाया पडली असती. आणि आबांनी — ज्यांनी आयुष्यभर शालीचे दोरे उपसले त्या माणसाने — तिला खरं सांगितलं असतं. मग मी कोण ठरलो असतो? गावात बभ्रा झाला असता. शाळेत कळलं असतं. हे सगळं तिच्या काखेतलं लुगडं बघता बघता माझ्या डोक्यात येऊन गेलं, आणि मी म्हणालो —

"आबा गेले, आजी. चैत्रात गेले."

ती मटकन खाली बसली. लुगडं मांडीवर घेतलं. म्हणाली, "म्हंजे दोगंबी गेलं." तिच्या पुतण्याने माझा फोन नंबर लिहून घेतला, जाताना डाळिंबं दिली. मी निघालो.

विट्याला मात्र या वेळी थांबलो. चहा घेऊन बसलो आणि घरी काय सांगायचं याचा विचार केला. सांगून आलो म्हणावं, तर आबा शब्दन् शब्द विचारणार. ती कुठं बसली होती, हातात काय होतं, आधी काय म्हणाली, मग काय म्हणाली. मी बनवून सांगू शकलो असतो, त्यात माझा हात धरणारा कुणी नाही. पण ती जिवंत आहे म्हटल्यावर ते उद्या तिला इकडे आणा म्हणणार, नाहीतर खाटेसकट मला तिकडे न्या म्हणणार. दोन्हीकडची दारं लावायला हवी होती. हा विचार मी रागात, घाबरून, गोंधळून केला असं समजू नका. चहा पीत, खारी बुडवून खात केला.

घरी आलो तर आबा दाढी करून, डोक्याला टोपी घालून, भिंतीला टेकून बसलेले होते. आई म्हणाली, सकाळपासून असेच बसलेत, जेवले नाहीत. मी त्यांच्या शेजारी बसलो आणि सांगितलं, "ती गेली, आबा. दोन वर्षं झाली."

दोन जिवंत माणसं होती. एकमेकांची वाट बघत होती. मी दोघांनाही एकाच दिवशी मारून टाकलं. हा माझा गुन्हा. पण एवढ्यावर तो संपला असता तर मी कदाचित गप्पच राहिलो असतो, अजून आहे.

आबा आईला हाक मारून म्हणाले, माझ्या डोक्यावर पाणी घाल. सुतक असल्यासारखं. आईला वाटलं, पलटणीतल्या कुणाची बातमी आली असेल. तिने पाटावर बसवून त्यांना अंघोळ घातली. लुळा हात मी धरून ठेवला होता. डोक्यावरून पाणी जात असताना ते मला म्हणाले, "आता तिला बावीसनं सांगितलं असंल. वर दोगंबी असतील. मी कंच्या तोंडानं जाऊ रं?"

त्या दिवसापासून ते मरणाला भ्यायला लागले. आधी भीत नव्हते. आधी म्हणायचे, सांगून झालं की सुटलो. आता खोकला आला तरी माझा हात धरायचे. डॉक्टर म्हणाले, म्हातारपणी होतं असं. मी मान डोलावली.

तुम्ही चांगले आहात, तुम्ही म्हणाल, अरे त्या बाईला तर समाधान मिळालं ना. हे मी स्वतःला हजारदा सांगून बघितलंय. पण मी ते तिच्यासाठी केलं नव्हतं. तिच्यासाठी केलं असतं तर मी आबांना येऊन खरं सांगितलं असतं — आबा, माझ्याच्यानं नाही बोलवलं, मी खोटं बोलून आलो. एवढं तर म्हणता आलं असतं? मी माझं तोंड वाचवलं. बाकी सगळी सजावट.

भाद्रपदात फोन आला. मी शाळेत, शिक्षकांच्या खोलीत होतो. तिचा पुतण्या बोलत होता. घातचतुर्दशीला काकी दरवर्षी काकांचा म्हाळ घालते, म्हणाला. पितृपक्षात ती तिथी हत्याराने, लढाईत गेलेल्यांची असते, हे तुम्हाला माहीत असेलच. तर यंदापासून काकी दुसऱ्या मारुतीचंही पान मांडणार आहे. तुमच्या घरी तुम्ही करालच, पण तिची इच्छा आहे. तुम्ही जेवायला या. आणि काकी विचारतेय, तुमच्या आजाला काय आवडायचं?

आवडायचं. मी म्हणालो, "गव्हाची खीर आवडायची."

आवडायची, असं म्हणालो. फोन ठेवला, तास होता, वर्गात गेलो आणि शिकवलं.

मी गेलो नसतो तरी चाललं असतं. आजारी आहे, परीक्षा आहे, काहीही. पण गेलो नाही तर संशय येईल असं वाटलं. आणखीही एक होतं, तेही सांगून टाकतो. तिने माझ्या तोंडावरून हात फिरवले होते, ते मला पुन्हा हवे होते. चोराला घरात मान मिळाला की त्याला तिथं पुन्हा जावंसं वाटतं, तसलं काहीतरी.

तिने भिंतीशी दोन पाट मांडले होते. एकावर तिच्या नवऱ्याचा फोटो, वर्दीतला, कान मोठे, हसरा. दुसऱ्या पाटावर नुसता नारळ, कारण आबांचा फोटो तिच्याकडे नव्हता. तिने पुतण्याकरवी फोनवर मागितलाही होता, मी आल्यावर विसरलो म्हणालो. दोन पानं वाढली. भात, आमटी, गवारीची भाजी, वडे, आणि खपली गव्हाची खीर, गुळातली. तिने दोन्ही पानांवरून पाणी फिरवलं, हात जोडले आणि मोठ्याने म्हणाली, "मारुती बावीस, मारुती एकाहत्तर, जेवा बाबांनो." माझे आबा त्या वेळी आमच्या सोप्यात खाटेवर बसून आईकडून डोक्याला तेल लावून घेत असतील.

पुतण्याने पानं छपरावर नेऊन ठेवली. आम्ही जेवायला बसलो. मी जेवलो. घशाखाली उतरलं नाही वगैरे काही झालं नाही. चांगलं उतरलं. तिने आग्रह केला, दुसऱ्यांदा वाढलं, आणि निघताना स्टीलचा डबा भरून खीर दिली. घरच्यांना दे, म्हणाली, आजाच्या नावाची हाय.

डबा वाटेत कुठेही टाकता आला असता. विट्यापासून कराडपर्यंत किती तरी ओढे, चाऱ्या, कालवे आहेत. प्रत्येक पुलावर वेग कमी केला. का टाकला नाही, ते मला आजही सांगता येत नाही. टाकायला भीती वाटली असेल. मी घरी पोचलो, गाडी लावली, चूळ भरायला मोरीत गेलो, आणि बाहेर येतो तोवर आईने पिशवीतून डबा काढून, झाकण उघडून, वाटी भरून आबांच्या हातात दिलेली होती. सासऱ्याला खीर आवडते एवढंच तिला माहीत; ही खीर कसली, ते तिला काय ठाऊक?

मी दारात उभा होतो. बोलायला वेळ होता. आबांनी चमचा उचलला, निम्मी खीर सदऱ्यावर, निम्मी मिशीत. तरी मला बोलायला वेळ होता. ते जिवंतपणी स्वतःच्या म्हाळाची खीर खात होते, आणि ते मला एकट्याला ठाऊक होतं.

"झ्याक झालीया," ते म्हणाले. कित्येक दिवसांनी त्यांचं तोंड हसरं दिसलं. "कुनी केली रं?"

"शाळेत कार्यक्रम होता, आबा."

"करनारीला म्हनावं, गूळ लय ब्येस पडलाय." वाटी पुढे केली. "हाय का आनि?"

आईने आणखी वाढली. डबा रिकामा होईपर्यंत त्यांनी खाल्ली. मी तिथेच उभा राहून बघितलं. सांगायचं होतं ते हे. बाकी सगळं मी इथपर्यंत यायला म्हणून सांगितलं.

ते पुढच्या उन्हाळ्यात गेले. शेवटचे दोन दिवस बोलणं गेलं होतं, पण डोळे माझ्यावर असायचे. मला वाटायचं, त्यांना कळलंय. नंतर वाटलं, छे, ते फक्त माझा हात मागतायत. गावाने मोठी शोकसभा घेतली. बोललं कोण असेल, ओळखा. चांगलं बोललो. लोक रडले. अनसाबाईला कळवायचा प्रश्नच नव्हता. तिच्या हिशेबी त्यांना जाऊन वर्ष उलटून गेलं होतं.

दरवर्षी घातचतुर्दशीला मी तिच्याकडे जातो. मागच्या भाद्रपदातही गेलो होतो. ती आता ऐंशीला टेकली आहे, डोळ्यांना कमी दिसतं, तरी पानं स्वतःच वाढते. पुतण्याची सून नवी आली आहे. तिने विचारलं, आजी, ही दोन पानं कुणाकुणाची? अनसाबाईने तिला जवळ बसवून सगळं सांगितलं — दोन मारुती, बावीस आणि एकाहत्तर, गोळा पडला, तर एकाहत्तर धावत गेला, डोकं मांडीवर घेतलं, पाणी पाजलं. मी सांगितलेला एकही शब्द ती विसरलेली नव्हती. तिने तो कुठे वाढवलाही नव्हता. मग माझ्या दिशेने हात करून म्हणाली, "ह्येचा आजा. त्यानं माज्या मानसाला एकटं मरू दिलं न्हाई बग. व्हय का न्हाई रं बाबा?"

मी "व्हय" म्हणालो. जेवलो, तिच्या पाया पडलो, आणि दिवस असतानाच घरी पोचलो.